सुवॉनमधले शनिवार-रविवार: नवी ठिकाणं शोधू नका, एका जागेचा रतीब लावा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तीन महिन्यांपूर्वी संशोधनासाठी दक्षिण कोरियातल्या सुवॉनला आलात. सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळेत कसे जातात ते कळत नाही, पण शनिवार उजाडला की खोलीच्या भिंती अंगावर येतात. राजवाडे पाहून झाले, नामसानचा मनोरा झाला, नामी बेट झालं. शाकाहारी असल्यामुळे बाहेर पडलं की जेवणाची चिंता, कोरियन येत नाही म्हणून बोलायची चिंता. म्हणून विचारलंत, "आता आणखी कुठे जाऊ? आणि इथे रुळायला किती दिवस लागतात?"

तुम्ही ठिकाणांची यादी मागितली आहे. मला मात्र तुमची अडचण वेगळी दिसते. तीन महिन्यांत तुम्ही दहा-बारा ठिकाणं पाहिलीत आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. तुम्ही प्रत्येक शनिवार पर्यटकासारखा घालवलात आणि रविवारी रात्री पाहुण्यासारखे खोलीवर परत आलात. अशी आणखी वीस ठिकाणं पाहिलीत तरी रुळणं होणार नाही. माझं स्वतःचं पहिलं वर्ष नेमकं असंच गेलं.

मी इथे तेरा वर्षं आहे. आधी देजॉनला पीएचडी केली, मग नोकरीसाठी तुमच्याच भागात आलो. दरवर्षी नवी मुलं-मुली, कधी एखादं कुटुंब, माझ्याकडे असाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शनिवारी प्रयोगशाळेत बोलावतात का, पुढे इथेच राहायचा विचार आहे की दोन वर्षांनी परतायचं आहे, सोबत कुणी आहे का, यावर तपशील बदलतील. लहान मूल असलेल्या घराला मी वेगळं सांगतो. तुम्ही एकटे आहात आणि निदान दोन वर्षं राहणार आहात, असं धरून पुढचं लिहितोय.

पहिल्या वर्षी मी हातात नकाशा घेऊन फिरलो. ग्यॉङ्जू, जॉन्जू, बुसान, सोकचो. फोटो घरी पाठवायचो, आई म्हणायची, "मजा आहे तुझी." ती मजा रविवारी संध्याकाळच्या बसमध्ये संपायची. दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून लांबचं फिरणं बंद झालं आणि देजॉनच्याच ग्येजोक्सान डोंगरावर जायला लागलो. तिथे एका स्थानिक मद्य कंपनीच्या मालकानं स्वखर्चानं लाल माती आणून चौदा-साडेचौदा किलोमीटरची वाट केली आहे, आणि लोक त्या मातीतून अनवाणी चालतात. मी लांज्याचा. पाऊस पडून गेल्यावर त्या लाल मातीत पाय रुतला तेव्हा जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुसरीकडे कुठे जावंसंच वाटेना, म्हणून दर रविवारी तिथेच जात राहिलो.

चौथ्या रविवारी पाय धुवायच्या नळापाशी एका आजीनं माझ्या हातात अर्धी काकडी ठेवली. पाचव्या रविवारी तिनं मैत्रिणींना माझी ओळख करून दिली, "इंदो छोङ्गाक", म्हणजे भारतातला अविवाहित मुलगा. आठव्या की नवव्या रविवारी मी आजारी होतो. त्याच्या पुढच्या वेळी गेलो तर त्या सगळ्याजणींनी मला उभं करून विचारलं, की गेल्या रविवारी कुठे होतास. परदेशात आपण एका दिवशी दिसलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, ही गोष्ट माझ्या दृष्टीनं व्हिसाच्या शिक्क्याहून मोठी होती.

तेव्हापासून माझं सांगणं एकच असतं. महिन्यातले तीन शनिवार किंवा रविवार एकाच जागेला द्या. तीच जागा, तोच वार, तीच वेळ. घरी दुधाचा रतीब असतो, तसा. चौथा आठवडा लांबच्या प्रवासासाठी मोकळा ठेवा. कोरियन माणूस अनोळखी माणसाशी सहसा आपणहून बोलत नाही. तो तुटकपणा नसतो. समोरच्याचं वय, नातं, हुद्दा ठाऊक नसेल तर कुठल्या पायरीवरून बोलायचं तेच त्याला ठरवता येत नाही. तुम्ही चौथ्यांदा दिसलात की तुम्ही 'अनोळखी' राहत नाही आणि ती अडचण सुटते. पहिल्या तीन वेळा काहीच घडणार नाही, हे मात्र आधीच मनाशी धरून चला. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्याला कंटाळून सोडतात.

आता सुवॉनमध्ये कुठे. तुम्ही मराठी आहात आणि ह्वासॉङ किल्ल्याच्या गावात राहता, म्हणून माझी पहिली निवड तोच. तुम्ही लिहिलंय, "किल्ला एकदा पाहिला." रायगड एकदा पाहिला असं आपण म्हणतो का? राजा जॉङ्जोनं १७९४ ते १७९६ या काळात तो बांधून घेतला. त्याचे वडील, युवराज सादो, यांना आजोबांनीच तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं होतं. जॉङ्जोनं वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि तिच्याजवळ हे नवं शहर वसवलं. तटाचा पूर्ण फेरा साधारण ५.७ किलोमीटरचा आहे, रमतगमत अडीच तास. आपल्या गडांसारखा तो कड्यावर नाही. अर्धा सपाटीवर आणि अर्धा पाल्दालसान टेकडीवर चढलेला, मधून ओढा वाहतो आणि तो सात कमानींच्या दरवाजाखालून आत येतो. उत्तरेच्या जाङ्आनमुन दरवाजासमोर अर्धवर्तुळाकार तट घातला आहे. थेट दरवाजावर चालून येता येऊ नये हा त्याचा हेतू. आपल्याकडची गोमुखी रचना ज्यानं रायगडच्या महादरवाजात पाहिली आहे त्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

मला सर्वांत भावतं ते त्याचं दप्तर. बांधकामाचा सगळा हिशेब एका ग्रंथात लिहून ठेवलेला आहे: कुठलं यंत्र वापरलं, दगड किती, कारागीर कोण आणि त्यांना मजुरी काय दिली. कोरियन युद्धात किल्ल्याची बरीच मोडतोड झाली, पण या नोंदींवरून तो पुन्हा उभा करता आला आणि १९९७ साली युनेस्कोच्या यादीत गेला. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले त्याच यादीत गेले, ही गोष्ट तटावर भेटणाऱ्या निवृत्त काकांना सांगून बघा. मी सांगितली तेव्हा एका काकांनी मला अख्खा दुपारभर बुरूज दाखवले. मला निम्मंच समजलं, तरी दुपार छान गेली.

शनिवारी सकाळी किल्ला, मग पाल्दालमुन दरवाजाजवळच्या बाजारात उतरायचं. तिथे एकाला लागून एक असे अनेक बाजार आहेत. तुमच्यासाठी मोतगोल बाजार बरा, कारण तिथे भाज्यांची तयार तोंडीलावणी करणाऱ्या बायका बसतात. एकच दुकान धरा. पालक, मोड आलेलं कडधान्य, मुळा, तिळाच्या तेलात परतलेलं काहीतरी, दर शनिवारी थोडं थोडं घ्या. दुकानदार बाईंना "इमो" म्हणा. इमो म्हणजे मावशी. खानावळीतल्या, बाजारातल्या बाईला इथे मावशीच म्हणतात, अगदी आपल्यासारखं. महिन्याभरात ही मावशी तुम्ही मांस-मासे खात नाही हे लक्षात ठेवून स्वतःच सांगेल, की हे घेऊ नको, यात कोळंबीचं खारवण आहे.

खाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शाकाहारी माणसं याच कारणानं घरात कोंडून घेतात. इथे अडचण डोळ्यांना दिसणाऱ्या मांसाची नसतेच. किमचीत बहुतेक वेळा माशांचा किंवा जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा खारवलेला रस असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुक्या म्योल्ची माशांवर उकळलेलं असतं. 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य पाठ करून फार उपयोग होत नाही, कारण पुष्कळांच्या मते मासा म्हणजे मांस नव्हे. त्यापेक्षा सांगा, "कोगीदो सेङ्सॉन्दो आन मॉगॉयो." शब्दशः, मांसही नाही, मासेही नाही खात. यातलं 'दो' म्हणजे आपलं शब्दाला चिकटणारं 'ही', त्यामुळे लक्षात राहतं. आणि सूपाकडे बोट दाखवून "म्योल्ची?" एवढं विचारलं तरी पुरतं. तुम्ही कितपत कडक आहात हे तुम्हालाच ठरवावं लागेल. माझ्या ओळखीतले काही जण रस्सा चालवून घेतात, काही जण अजिबात नाही. दोन्हीं प्रकारची माणसं इथे वर्षानुवर्षं नीट राहिली आहेत.

सुवॉनच्या उत्तरेला ग्वाङ्ग्योसान आहे, ५८२ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी बोरीबाप मिळणाऱ्या खानावळी आहेत. बोरीबाप म्हणजे जव घातलेला भात, त्यावर पाच-सहा प्रकारच्या परतलेल्या पालेभाज्या, लाल मिरचीची चटणी आणि तिळाचं तेल. सगळं कालवून खायचं. चटणीत मांस आहे का आणि सोबतचं सूप कशाचं आहे, एवढं विचारून घ्या. डोंगर उतरून आल्यावर ते ताट समोर आलं की निदान जेवणापुरती घरची आठवण कमी होते. दुसरी जागा म्हणजे बौद्ध मंदिरं. मंदिरातल्या जेवणात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातून आलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. बऱ्याच मंदिरांत शनिवार-रविवार मुक्कामाची सोय असते. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुण्यांसाठी ती सुरू झाली आणि पुढे चालू राहिली. पहाटे उठवतात, घंटा, प्रार्थना, मौनात जेवण. मन फार अस्वस्थ झालं असेल तर लांबच्या सहलीऐवजी हे करा.

तूरडाळ, हिंग, पोहे यांसाठी सोलच्या इतेवॉनला मशिदीच्या आसपासची दुकानं किंवा आन्सानचा वॉन्गोक-दोङ भाग. महिन्यातून एकदा पुरे. मासे खाणारा कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. सुइन-बुन्दाङ मार्गानं सोरेपोगू स्टेशनला उतरा. बंदरावरच मासळीबाजार आहे. काल्ची म्हणजे आपली वाकटी, ब्योङ्ओ हे पापलेटाचं भावंड, कोदुङ्ओ हा बांगड्याचा थोरला भाऊ. ओळखीचा वास आला की कोकणी माणसाचं अर्धं दुखणं बरं होतं.

डोंगराबद्दल काही सक्त सूचना. कोरियात डोंगर चढणं हा छंद कमी आणि सामाजिक चाल जास्त आहे. साठीच्या बायका तुम्हाला मागे टाकून जातील, वाटेत "आन्न्योङ्हासेयो" म्हणतील, माथ्यावर फळं कापून वाटतील. तुम्हीही काहीतरी वाटण्यासारखं न्या. मी चिक्की न्यायचो आणि तिनं मला कुठल्याही भाषावर्गापेक्षा जास्त माणसं जोडून दिली. सोलच्या बुखान्सान डोंगराचा बेगुन्दे माथा ८३६ मीटरचा आहे, पण शेवटचा टप्पा उघड्या ग्रॅनाइटवर लोखंडी दोराला धरून चढायचा आहे. पाऊस असेल, खडक ओला असेल तर जाऊ नका. आपल्याकडे पावसात ट्रेक करायची सवय असते, ती इथे सोडा. जूनच्या शेवटापासून जुलैभर इथला पावसाळा असतो आणि ग्रॅनाइट साबणासारखा होतो. हिवाळ्यात बुटांना लावायचे काटे, त्यांना इथे 'आयजेन' म्हणतात, घेतल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकू नका. मी एकदा काट्यांशिवाय गेलो आणि उतरताना पाय घसरून बसलो. मागून येणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या एका पायाचा काटा काढून मला दिला. आम्ही दोघं एकेका काट्यावर, एकमेकांना धरून खाली आलो. वसंतात आणि शरदाच्या शेवटी वणव्याच्या भीतीनं अनेक वाटा बंद ठेवतात, निघण्याआधी तपासा. वसंतात धुळीचे दिवसही असतात. हवेचा आकडा वाईट असेल तर त्या दिवशी संग्रहालय. सोलच्या इछोन स्टेशनजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं कायम प्रदर्शन विनामूल्य आहे आणि एका दिवसात संपत नाही.

भाषा. तुम्ही म्हणता, "इंग्रजीवर निभतं, मग वेळ कशाला घालवू?" प्रयोगशाळेत निभतं, पण शनिवारी निभत नाही, आणि तुमचं दुखणं शनिवारचंच आहे. शिवाय मराठी माणसाला कोरियन जितकी जड वाटते तितकी ती नाही. वाक्यरचना आपलीच: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, 'हाक्क्यो-ए' म्हणजे शाळेत. 'सोउल-एसॉ' म्हणजे सोलहून. आपण विभक्तीचा प्रत्यय चिकटवतो तसाच तेही चिकटवतात. इंग्रजी बोलणाऱ्याला हे पचवायला महिने लागतात, तुम्हाला ते आईच्या दुधातून मिळालं आहे. आदरार्थी रूपांचंही तसंच. तू, तुम्ही, आपण यांतला फरक ज्याला कळतो त्याला इथे सगळे आल्या आल्या वय का विचारतात ते कळायला हवं. तो भोचकपणा नसतो, तुमच्याशी कुठल्या रूपात बोलायचं ते ठरवायचं असतं. आणि "पाप मॉगॉस्सॉयो?" असं कुणी विचारलं तर ते जेवणाचं आमंत्रण नव्हे. आपल्या गावाकडचं "जेवलात का?" आहे ते.

राजा सेजोङनं १४४६ मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी दोन दिवसांत वाचता येते. आज २४ मूळ अक्षरं वापरात आहेत. आपल्याला क आणि ख यांतला फरक जन्मतः येतो, त्यामुळे निम्मं काम झालेलंच असतं. कष्ट फक्त त्यांच्या दाबून उच्चारायच्या अक्षरांवर. या आठवड्यात पाट्या वाचायला लागा, अर्थ नंतर येईल. वर्गासाठी न्याय मंत्रालयाचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम आहे, शून्य ते पाच अशा पायऱ्यांचा. पुढे राहायचं ठरलं तर व्हिसासाठीही तो कामी येतो. शहरांमधल्या परदेशी रहिवाशांच्या केंद्रांत रविवारी भाषेचे वर्ग भरतात. मी रविवारचा वर्ग सुचवतो, कारण तिथे व्हिएतनामची, नेपाळची, उझबेकिस्तानची माणसं भेटतात आणि त्यांच्याशी बोलायला कोरियन हीच एक सामायिक भाषा उरते. माझी भाषा खरी सुटली ती नेपाळी आणि व्हिएतनामी मित्रांशी बोलताना. तिथे चुकायची लाज वाटत नाही.

आपल्या माणसांना भेटा, जरूर भेटा. गणपतीत, दिवाळीत कुणा मराठी घरी बोलावणं आलं तर चुकवू नका. पण दर शनिवारी फक्त तिथेच जायचं असं करू नका. मी अशी माणसं पाहिली आहेत जी सहा वर्षं इथे राहिली आणि बाजारातल्या एकाही मावशीशी त्यांची ओळख नव्हती. परत जाताना त्यांना निरोप द्यायला फक्त आम्हीच होतो.

कागदपत्रांचं चटकन उरकतो. परदेशी नोंदणी कार्ड कोरियात आल्यापासून ९० दिवसांच्या आत करावं लागतं. तुमचे तीन महिने होत आले आहेत, झालं नसेल तर उद्याच हालचाल करा. त्या कार्डावर, स्वतःच्या नावानं फोन घ्या. फोन दुसऱ्याच्या नावावर असेल तर ऑनलाइन ओळख पटत नाही आणि तिकिटांपासून खरेदीपर्यंत सगळं अडतं. व्हिसाच्या शंकांसाठी १३४५, प्रवासासाठी १३३०, दोन्हींकडे इंग्रजी बोलणारं कुणीतरी मिळतं. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११२. नकाशासाठी नेव्हर मॅप वापरा, चालायच्या वाटा आणि बसच्या वेळा त्यात नीट दिसतात. कचरा वेगळा करायचे नियम पहिल्या आठवड्यात शिका. ओला कचरा वेगळा आणि बाकीचा शहरानं ठरवलेल्या विकतच्या पिशवीतच. शेजाऱ्यांशी बिघडायचं पहिलं कारण हेच असतं.

महिन्यातल्या त्या चौथ्या आठवड्यासाठी तीन गोष्टी, कुठल्याही यादीत नसलेल्या. एक, पाच दिवसांनी भरणारे बाजार. सॉङ्नामचा मोरान बाजार ज्या तारखांच्या शेवटी ४ आणि ९ येतात त्या दिवशी भरतो. सुवॉनहून सुइन-बुन्दाङ मार्गानं थेट मोरान स्टेशन. आठवडी बाजार पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. तारीख शनिवार-रविवारशी जुळेल तेव्हा जा.

दोन, इम्जिन्गाक, उत्तरेच्या सीमेजवळ. लोक तिथे तुटका पूल आणि कुंपणाला बांधलेल्या फिती पाहायला जातात. मी गेलो तो एका कोल्हापूरच्या माणसासाठी. कोरियन युद्ध थांबल्यावर, १९५३-५४ मध्ये, मायदेशी जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे होतं आणि त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिङ्मन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला होता, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव होतं हिंदनगर. हे माहीत असताना तिथल्या इम्जिन नदीकडे पाहणं आणि नुसतं फोटो काढणं यांत फरक आहे. पट्ट्याच्या आत जायचं तर नियोजित सहलीबरोबरच जाता येतं आणि पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो.

तीन, गिम्हे, बुसानच्या शेजारी. 'साम्गुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे, की इसवी सन ४८ मध्ये आयुता (काहींच्या मते आपली अयोध्या) देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरो राजाची राणी झाली. तिची समाधी गिम्हेत आहे. इतिहास किती आणि दंतकथा किती यात मी पडत नाही. पण गिम्हे किम घराण्यातली माणसं स्वतःला तिचे वंशज मानतात आणि तुम्ही भारतीय आहात हे कळलं की हसून म्हणतात, "मग तुम्ही आजोळचे."

सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक (सुगीचा सण) या दोन सणांत लांबच्या प्रवासाचा बेत आखू नका. सगळा देश गावी जातो, तिकिटं आधीच संपतात, खानावळी बंद असतात. हे दिवस तुम्हाला सर्वांत जड जातील, म्हणून आत्ताच सांगतोय. माझ्या पहिल्या छुसॉकला वसतिगृहात मी जवळजवळ एकटा होतो. छुसॉक आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बहुधा अनंत चतुर्दशीच्या आसपास, कधी थेट कोजागरीला. घरी विसर्जन चाललेलं, मी इथे खिडकीपाशी. संध्याकाळी पहारेकरी आजोबांनी कागदात गुंडाळून सोङ्फ्योन आणून दिले. तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ आणि मध, पाइनच्या पानांवर वाफवलेले. आकार करंजीचा, चव जवळजवळ मोदकाची. आजोबा ते माझ्याकडेच का घेऊन आले? कारण वर्षभर येता-जाता मी त्यांना थांबून नमस्कार करत होतो. तेवढीच आमची ओळख होती.

किती दिवस लागतात, या तुमच्या प्रश्नाला माझ्या अनुभवातलं उत्तर असं: जागा धरल्यापासून दोन-तीन महिन्यांत एखादी ओळख, वर्षभरात एखादं घर जिथे न विचारता जाता येतं. काहींना याहून लवकर जमतं. हिवाळ्यात आलेल्यांना उशीर लागतो, कारण माणसं बाहेर कमी दिसतात. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सोमवारीही उठवत नसेल, तर माझा सल्ला पुरा पडणार नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा, इंग्रजीत बोलता येईल का ते आधी विचारून घ्या, आणि त्यात संकोच मानू नका. मी स्वतः देजॉनला गेलो होतो.

तर या शनिवारी सकाळी आठला जाङ्आनमुनपासून निघा. किल्ल्याच्या बाहेरून दरवाजाकडे तोंड करून उजवीकडे वळलात की थोड्याच वेळात पश्चिमेचा दरवाजा आणि मग पाल्दालसानचा चढ लागतो. माथ्यावरच्या सेनापतीच्या चौथऱ्यापाशी रोजचे येणारे बसलेले असतात. तिथे दहा मिनिटं टेका, पाणी प्या, मान लववून नमस्कार करा, आणखी काही करू नका. मग दक्षिणेला उतरून मोतगोलमधून दोन भाज्या घ्या आणि खोलीवर गरम भात लावा. खिशात थोडी चिक्की असू द्या. तिची गरज चौथ्या शनिवारी पडेल.